लहरींची गर्दी : विद्युत्‌चुंबकीय व्यत्यय आणि आरोग्य

१ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीतील १८, अलीपूर रोड या पत्त्यावरून नभोवाणीच्या दिल्ली केंद्राचे प्रसारण सुरू झाले. त्या काळी ज्यांच्या घरी रेडिओ होता अशा मोजक्या श्रोत्यांना गाणी आणि बातम्या यांच्याबरोबर आणखीही काही ऐकू येत असे. दूरवर कोठे वीज चमकली की कर्कश खरखर होई. शेजारच्या खोलीतील मोटारीची बारीक गुणगुण निवेदकाच्या आवाजात मिसळे. चांदणी चौकातून जाणाऱ्या ट्रामचा दांडा वरच्या तारेवरून क्षणभर सुटून ठिणगी उडाली, तर जवळपासच्या रेडिओवर तडतड उमटे. ठिणगी हा वस्तुतः एक ओबडधोबड प्रक्षेपकच होय. मार्कोनीने आपले पहिले बिनतारी संदेश ठिणगीच्याच साहाय्याने पाठविले होते. फरक इतकाच, की ट्रामच्या ठिणगीला काही सांगावयाचे नव्हते.

दिल्लीतच १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. पुढे घरोघर संच आले तेव्हा पूर्वी केवळ ऐकू येणारा हा उपद्रव दिसूही लागला. गल्लीतून स्कूटर गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा धावत. स्वयंपाकघरात मिक्सर फिरू लागला की चित्रावर आडवे पट्टे पडत. घरातील मंडळी ‘मुंग्या आल्या’ असे म्हणून गच्चीवर जात आणि एरियल फिरवीत बसत. बिचाऱ्या एरियलचा त्यात काही दोष नसे. स्कूटरच्या प्लगमध्ये इंधन पेटविण्यासाठी कित्येक हजार व्होल्ट दाबाची ठिणगी सेकंदाला अनेक वेळा उडत असते, आणि प्लगला जोडलेली तार तिची ऊर्जा आसमंतात फेकीत असते. प्लगच्या टोपणात एक छोटासा विद्युत्‌रोध बसविला की हा उपद्रव पुष्कळच कमी होतो. उपाय काही आण्यांचा होता. तो योजण्यासाठी मात्र उगम कोठे आहे हे प्रथम कळावे लागे.

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत दोन तरंग एकत्र येऊन परस्परांना बळ देतात किंवा क्षीण करतात त्या घटनेस ‘व्यतिकरण’ असे नाव आहे. प्रस्तुत विषय त्याहून निराळा आहे. एका यंत्रातून बाहेर पडलेली विद्युत्‌चुंबकीय ऊर्जा दुसऱ्या यंत्राच्या कामात आड येणे, हा येथे अभिप्रेत असलेला अर्थ ‘व्यत्यय’ या रूढ शब्दाने नेमका व्यक्त होतो. या व्यत्ययाच्या मोजमापाचे नियम ठरविण्यासाठी १९३४ साली पॅरिस येथे एक आंतरराष्ट्रीय विशेष समिती भरली. आज बाजारात येणाऱ्या विद्युत् उपकरणांमधून किती ऊर्जा निसटलेली चालेल, याच्या बहुतेक मर्यादांचे मूळ त्या समितीच्या कामात आहे. तिच्या स्थापनेमागील चिंता केवळ नभोवाणी स्वच्छ ऐकू यावी एवढीच होती. व्यत्ययामुळे कोणाच्या जिवावर बेतेल, ही कल्पना त्या वेळी कोणाच्याही मनात नसावी.

घुसखोरीचे मार्ग

व्यत्यय घडण्यासाठी तीन गोष्टी लागतात : ऊर्जा सांडणारा उगम, ती वाहून नेणारा मार्ग आणि तिच्यामुळे गोंधळून जाणारे यंत्र. यांपैकी कोणतीही एक काढून घेतली की व्यत्यय संपतो. व्यवहारात मार्गच सर्वांत फसवा असतो. कधी ऊर्जा हवेतून लहरींच्या रूपाने येते. कधी घरातील विजेच्या सामाईक तारांतून सरपटत येते. तर कधी दोन तारा केवळ शेजारी शेजारी धावत असल्यामुळे एकीतील बदलता प्रवाह दुसरीत दाब उत्पन्न करतो. दिल्ली मेट्रोच्या गाड्या २५,००० व्होल्ट दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर धावतात. अशा मार्गाला समांतर एखादी साधी दूरध्वनीची तार मैलोगणती गेली असेल, तर तिच्यात धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो. म्हणून रूळमार्गालगतचे संदेशवहन तांब्याच्या उघड्या तारांऐवजी आवरणयुक्त केबलांतून किंवा काचतंतूंतून केले जाते. काचतंतूतून प्रकाश जातो, आणि प्रकाशाला शेजारच्या विजेच्या तारेशी काही कर्तव्य नसते.

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत एक नवाच ध्वनी लोकांच्या परिचयाचा झाला. फोनची घंटा वाजण्यापूर्वी क्षणभर जवळच्या रेडिओतून किंवा सभागृहातील ध्वनिवर्धकातून ‘टक्‌टक्-टर्र’ असा आवाज उमटे. तो कोठून येई, हे समजून घेण्याजोगे आहे. त्या पिढीचा फोन आपली शक्ती अखंड न सोडता तुकड्यातुकड्यांनी सोडतो. सेकंदाला सुमारे २१७ वेळा तो बोलतो आणि तितक्याच वेळा गप्प होतो. त्याची लहर स्वतः सेकंदाला नव्वद कोटी कंपने करणारी असल्यामुळे कोणत्याही ध्वनिवर्धकाला ती ऐकू येणे शक्य नाही. पण ध्वनिवर्धकातील अर्धवाहक भाग त्या लहरीला एकाच दिशेने जाऊ देतात. त्यामुळे लहर लोप पावते आणि तिची चालू-बंद होण्याची लय तेवढी शिल्लक राहते. २१७ ही कंप्रता मानवी कानाच्या टप्प्यात अगदी सहज बसते. अर्धवाहकाच्या याच गुणाचा उपयोग करून जगदीशचंद्र बोस यांनी शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलेनाचा, लहरशोधक बनविला होता व १९०४ साली त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. बोस यांना जे मोठ्या प्रयत्नाने साधावे लागले, ते आजच्या यंत्रांत नको असताना आपोआप घडते.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढे त्यांची गरज पडेल. यंत्राला त्रास देणारी लहर त्या यंत्राच्या कामाच्या कंप्रतेची असावीच लागते असे नाही; तिची लय पुरेशी असते. आणि अंतर वाढले की त्रास झपाट्याने ओसरतो : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तर पोहोचणारी शक्ती एक-चतुर्थांश होते.

शरीराचा प्रश्न

या लहरींनी यंत्रे बिघडतात तर शरीर का बिघडणार नाही, असा प्रश्न सामान्य माणसाने विचारणे स्वाभाविक आहे. दिल्लीत तो विशेष आवेशाने विचारला गेला आहे. वसाहतींच्या गच्च्यांवर मनोरे उभे राहिले, तशा रहिवासी संघांच्या तक्रारी आल्या, महानगरपालिकेकडे अर्ज गेले आणि खटले न्यायालयांत पोहोचले.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. एप्रिल २०१० मध्ये पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे तुकडे सापडले. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने गॅमा-किरण उपकरण लिलावात निघून तेथे पोहोचले होते. ते फोडणाऱ्यांपैकी एका कामगाराचा मृत्यू झाला व आणखी काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. गॅमा किरणांचा एकेक ऊर्जाकण अणूतील इलेक्ट्रॉन उखडून टाकण्यास आणि पेशीतील जनुकद्रव्याचे धागे तोडण्यास समर्थ असतो. मोबाईलच्या लहरीचा ऊर्जाकण रासायनिक बंध तोडण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे एक-दशलक्षांश इतकाच असतो. असे कण कितीही संख्येने आले तरी त्यांना ते काम त्या रीतीने साधत नाही. दगड मारून जी काच फुटते, ती वाळूचे कण अलगद टाकून फुटत नाही.

वाळूने काच फुटत नसली तरी तिचे ओझे होते, आणि रेडिओलहरींचे ओझे म्हणजे उष्णता. ऊतकांतील पाण्याचे रेणू लहरींच्या क्षेत्रात हेलकावतात व शरीर किंचित तापते. संपूर्ण शरीराने दर किलोग्रॅमला ४ वॉट शक्ती शोषली, तर तापमान सुमारे एका अंशाने वाढते. सर्वसामान्य जनतेसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी, म्हणजे दर किलोग्रॅमला ०.०८ वॉट ठरविण्यात आली. भारताने हे निकष २००८ मध्ये स्वीकारले. पुढे २०१० मध्ये केंद्र सरकारने एक आंतरमंत्रालयीन समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा एक-दशांशावर आणण्यात आली. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॉटवरून ०.४५ वॉट झाली. फोनच्या बाबतीत ऊतकाच्या एका ग्रॅमवर सरासरी काढून दर किलोग्रॅमला १.६ वॉट ही मर्यादा त्याच दिवसापासून लागू झाली.

हे आकडे प्रत्यक्षात काय दर्शवितात, ते एका ढोबळ हिशेबाने पाहू. समजा, मनोऱ्यावरील एरियल आपल्या रोखाने हजार वॉटच्या तोडीची शक्ती सोडीत आहे आणि खिडकी पन्नास मीटर अंतरावर आहे. खिडकीपाशी पोहोचणारी शक्ती दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॉट भरेल. आता खोलीतच बसलेल्या माणसाच्या हातातील जुन्या पिढीचा फोन घ्या. तो पूर्ण शक्तीने चालला असता त्याची सरासरी शक्ती पाव वॉट असते; पण तो शरीरापासून अवघ्या पंधरा सेंटिमीटरवर आहे. तेथे हाच आकडा ०.९ वॉटच्या आसपास, म्हणजे मनोऱ्याच्या जवळजवळ तीसपट येतो. शिवाय मनोरा दूर असेल, संदेश क्षीण असेल, तर फोन आपली शक्ती वाढवितो. वसाहतीतून मनोरा हटविण्यात यश मिळविणाऱ्या रहिवाशांच्या कानाशी त्यामुळे अधिक प्रारण येण्याचा संभव असतो. हा उलटा न्याय गणिताला सरळ दिसतो. सभेत तो पटवून देणे मात्र अवघड.

न्यायालयांचा मार्गही सरळ राहिलेला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर येथील एका कर्करुग्णाच्या तक्रारीवरून त्याच्या कामाच्या ठिकाणाजवळचा मनोरा बंद करण्याचा आदेश दिला. याउलट पाचव्या पिढीच्या दूरसंचार सेवेविरुद्ध अभिनेत्री जुही चावला व इतर यांनी दाखल केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०२१ रोजी फेटाळला आणि वीस लाख रुपयांचा खर्च बसविला. जानेवारी २०२२ मध्ये खंडपीठाने ही रक्कम दोन लाखांवर आणली. या दोन्ही निकालांचा आधार घेऊन मोठमोठी विधाने करण्यात आली. दावा फेटाळण्याची कारणे कायदेशीर प्रक्रियेतील होती. लहरी निर्धोक आहेत की नाहीत, याचा निवाडा त्यात झालाच नाही. वैज्ञानिक प्रश्न न्यायालयात नेला की उत्तर कायद्याचे मिळते.

मग विज्ञानाचे उत्तर काय? मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘२ ब’ या वर्गात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या सदरात टाकले. विजेच्या तारांभोवतीचे मंद चुंबकीय क्षेत्र २००२ पासूनच या वर्गात होते. या वर्गाचा अर्थ पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्णपणे दूर झालेली नाही, इतकाच आहे. आशियाई पद्धतीची भाज्यांची लोणचीही याच वर्गात मोडतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक जितेंद्र बिहारी व त्यांचे सहकारी यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दररोज दोन तास याप्रमाणे ३५ दिवस सूक्ष्मलहरींत ठेवलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील पेशींत जनुकद्रव्याचे धागे तुटलेले आढळल्याची नोंद आहे. अशी निरीक्षणे दुर्लक्षणीय नव्हेत. पण अन्यत्र केलेल्या प्रयोगांतून तोच निष्कर्ष सातत्याने निघाला नाही, आणि छोट्या प्राण्यावरून माणसाविषयी अनुमान काढताना शरीराचा आकार व मात्रा यांचा मोठा फरक पडतो. माणसांविषयीचा पुरावा त्यामानाने भक्कम होत गेला आहे. मोबाईल फोन जगभर पसरल्यानंतर मेंदूच्या कर्करोगाचे प्रमाण त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात फोनचा वापर व मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

काही माणसांना मनोऱ्याच्या किंवा फोनच्या सान्निध्यात डोकेदुखी, निद्रानाश, छातीत धडधड असा त्रास होतो. हा त्रास खोटा नसतो. पण लहर चालू आहे की बंद, हे प्रयोग करणाऱ्यास व करवून घेणाऱ्यास दोघांनाही माहीत नसेल, अशा रीतीने घेतलेल्या चाचण्यांत ही माणसे लहर ओळखू शकली नाहीत. २००५ साली अशा ३१ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांत ७२५ व्यक्ती सहभागी होत्या. त्रास खरा, पण त्याचे कारण वेगळे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठविणारा वैद्य म्हणूनच चूक करतो.

यंत्रावर विसंबलेले शरीर

या वादाच्या गदारोळात एक दुसरा धोका झाकोळून जातो. त्याविषयी मतभेद नाहीत. त्याची यंत्रणा पूर्णपणे समजलेली आहे. आणि तो टाळताही येतो. येथे लहरींचा आघात शरीरावर न होता शरीर ज्या यंत्रावर विसंबून आहे त्या यंत्रावर होतो.

हृदयाचे ठोके मंदावलेल्या रुग्णाच्या छातीत कातडीखाली पेसमेकर हे छोटे यंत्र बसविले जाते. प्रारंभीचे पेसमेकर घड्याळासारखे ठराविक गतीने ठोका देत. १९६०नंतरच्या दशकात ‘मागणीनुसार’ चालणारे पेसमेकर आले. हृदयाने स्वतः ठोका दिला तर हे यंत्र गप्प राहते, आणि हृदय थबकले तरच आपला ठोका देते. त्यासाठी त्याला सतत कान देऊन ऐकावे लागते. हृदयाकडून येणारा विद्युत् संदेश अवघा काही मिलिव्होल्टचा असतो. इतका क्षीण संदेश ऐकणाऱ्या यंत्राच्या तारेत बाहेरून लयबद्ध स्पंदने शिरली, तर ‘हृदय आपले काम करीत आहे’ असा त्याचा समज होतो व ते गप्प बसते. ज्याचे हृदय सर्वस्वी यंत्रावर अवलंबून आहे अशा रुग्णाला त्या काही सेकंदांत भोवळ येऊ शकते. मागे सांगितलेली ध्वनिवर्धकातील ‘टर्र’ आणि हा धोका या एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत.

१९९७ साली अमेरिकेत ९८० रुग्णांवर मोबाईल फोनच्या ५,५३३ चाचण्या घेण्यात आल्या. त्यांपैकी वीस टक्के चाचण्यांत कोणता ना कोणता व्यत्यय आढळला, आणि ६.६ टक्क्यांत तो वैद्यकीयदृष्ट्या गंभीर होता. हे आकडे वाचून घाबरून जाण्यापूर्वी त्याच अभ्यासातील पुढची ओळ वाचली पाहिजे : फोन नेहमीप्रमाणे कानाशी धरला असता एकदाही गंभीर व्यत्यय आला नाही. तो आला फोन थेट छातीवर, यंत्राच्या वर धरला तेव्हा. त्यानंतरच्या पेसमेकरांना तारेच्या प्रवेशद्वाराशी गाळणी बसविण्यात आल्याने व्यत्ययाचे प्रमाण आणखी खाली आले. आणखी एक तजवीज अशी, की आपण ऐकत आहोत तो गोंगाट आहे अशी शंका येताच यंत्र ऐकणे सोडून जुन्या पद्धतीने ठराविक गतीचे ठोके देऊ लागते. तरीही फोन पेसमेकरपासून पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा, ही सूचना कायम आहे. अलीकडच्या काही फोनांत लोहचुंबक असल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. इंडक्शनच्या शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या अशा रुग्णाने छाती व शेगडी यांत सुमारे दोन फुटांचे अंतर राखावे.

दिल्लीकर रुग्णाच्या वाट्याला आणखी एक परीक्षा रोजच येते. मेट्रोचे स्थानक असो, विमानतळ असो वा सरकारी कार्यालय, धातुशोधक चौकटीतून गेल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि चौकटीपलीकडे हातात शोधक दांडा घेतलेला जवान उभा असतो. कित्येक वृद्ध रुग्ण या भीतीने मेट्रोचा प्रवासच टाळतात. येथे संशोधन दिलासा देणारे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ३८८ रुग्णांच्या यंत्रांवर हातातील शोधक प्रत्येकी निदान तीस सेकंद फिरविण्यात आला. एकाही यंत्रात बिघाड आढळला नाही. चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जावे, तिच्यात रेंगाळू नये, तिला टेकून उभे राहू नये. जवळ रुग्णालयाने दिलेले ओळखपत्र असावे आणि ते दाखवून हाताने झडती घेण्याची विनंती करावी. चौकट वाजली तर ती पेसमेकरच्या धातूमुळे वाजते. त्यावरून यंत्र बिघडले असे समजू नये.

रुग्णालयातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अतिदक्षता विभागात एकाच खाटेभोवती श्वसनयंत्र, औषधाचा पंप, हृदयलेखक अशी यंत्रे दाटीवाटीने उभी असतात, आणि भेटीस आलेल्या प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. १९८०नंतरच्या दशकात अमेरिकेत तान्ह्या मुलांचा श्वास थांबल्यास इशारा देणारी काही यंत्रे जवळच्या नभोवाणी प्रक्षेपणाच्या लहरींनाच श्वासोच्छ्वास समजत आणि गप्प राहत, असे उघडकीस आले. २००७ मध्ये ॲम्‌स्टरडॅम येथे ६१ वैद्यकीय यंत्रांची फोनच्या सान्निध्यात चाचणी घेतली असता २६ यंत्रांत व्यत्यय आढळला. एक श्वसनयंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले; औषधाचे काही पंप इशारा न देता थांबले. मात्र या घटना फोन सरासरी तीन सेंटिमीटरवर आणल्यावर घडल्या. म्हणजे बंदी घालावयाची तर ती यंत्राच्या अंगाला फोन चिकटविण्यावर हवी. संपूर्ण इमारतीत फोन वर्ज्य करणारा फलक कोणी पाळत नाही आणि सर्वांनी मोडलेल्या नियमामुळे खाटेजवळचा खरा धोकाही लोकांच्या नजरेतून उतरतो. रुग्णाच्या उशाशी, पंपाच्या वर फोन ‘चार्ज’ करण्यास ठेवणारे नातेवाईक हे वाईट माणसे नसतात. त्यांना कोणी कारण सांगितलेले नसते.

धुक्यातले कान

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुके उतरते, तेव्हा व्यत्ययाचा प्रश्न निराळ्या रीतीने जीवनमरणाचा होतो. धावपट्टी दिसत नसताना उतरणारे विमान जमिनीपासूनची आपली उंची रेडिओ-उंचीमापकाने मोजते. हे यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात खाली लहर सोडते आणि जमिनीवरून परतलेला तिचा क्षीण प्रतिध्वनी ऐकते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पाचव्या पिढीच्या सेवेचे उद्‌घाटन झाले. तिचा एक पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे उंचीमापकाच्या शेजारघरचा. दोन पट्ट्यांमध्ये अंतर असले तरी जुन्या उंचीमापकांची गाळणी शेजाऱ्याचा मोठा आवाज पूर्णपणे अडवू शकत नाही. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर या टापूत त्या पट्ट्यातील केंद्रे उभारू नयेत, असा आदेश काढला. विमानतळालगतच्या वसाहतींत संदेश क्षीण का, या तक्रारीचे उत्तर काही अंशी या आदेशात सापडते.

हेतुपुरस्सर केलेला व्यत्यय ही आणखी वेगळी बाब. तिहार कारागृहात कैद्यांचे फोन बंद पाडण्यासाठी बसविलेल्या यंत्रांचा उपद्रव भिंतीबाहेरील रहिवाशांनाही झाला, कारण लहरींना भिंत कोठे संपते हे कळत नाही. बाजारात मिळणारी बेकायदा ‘बूस्टर’ यंत्रे हेतूने निरुपद्रवी असतात. दुकानात फोन नीट लागावा म्हणून दुकानदार असे यंत्र छतावर लावतो. ते फोनच्या आवाजाबरोबर गोंगाटही वाढवून मनोऱ्याकडे पाठविते, आणि मनोऱ्याला साऱ्या गल्लीतील इतर फोन ऐकू येईनासे होतात. त्या गल्लीतून कोणी रुग्णवाहिकेसाठी ११२ क्रमांक फिरवीत असेल, तर त्याला आपला फोन का लागत नाही हे कधीच कळणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या १० क्रमांकाच्या धावपट्टीकडे उपग्रहाच्या आधारे येणाऱ्या काही विमानांना खोटे स्थानसंदेश मिळाले. १ डिसेंबर रोजी सरकारने राज्यसभेत त्यास दुजोरा दिला. वैमानिकांनी पर्यायी पद्धती अवलंबिल्या. जमिनीवरील जुन्या मार्गदर्शक यंत्रांवर चालणाऱ्या इतर धावपट्ट्यांना बाधा पोहोचली नाही. खोट्या लहरींचा उगम शोधण्याचे काम बिनतारी संनियंत्रण संघटनेकडे सोपविण्यात आले. असा शोध घेण्याची मूळ पद्धत नभोवाणीच्या आरंभकाळाइतकीच जुनी आहे. एका ठिकाणी दिशादर्शक एरियल फिरवून आवाज सर्वांत मोठा कोणत्या दिशेने येतो ते पाहावयाचे आणि नकाशावर त्या दिशेने रेघ ओढावयाची. मग काही किलोमीटर दूर जाऊन पुन्हा तेच करावयाचे. दोन रेघा जेथे छेदतात, त्या घराचे दार ठोठवावयाचे असते. मात्र तोवर प्रक्षेपक चालू राहिला पाहिजे.